दारं धरणारी माणसं

इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या शेवटच्या टप्प्यात आमची साडेतीन एकर जमीन आहे. शेवटचा टप्पा म्हणजे टेल. हा इंग्रजी शब्द आहे हे मला दहावीपर्यंत माहीत नव्हतं. आजी म्हणायची, "आपण टेलची माणसं, आपल्याला पाणी सगळ्यांच्या मागनं." त्यामुळे टेल हे एखाद्या भावकीचं नाव असावं असंच वाटायचं.

पाणी बहुतेकदा रात्री यायचं. मग वडील बॅटरी आणि खोरं घेऊन दारं धरायला जायचे. ज्यांनी कधी दारं धरली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. सरीचं तोंड खोऱ्यानं मोडायचं, सरी भरत आली की मातीनं बुजवायचं आणि पुढच्या सरीचं मोडायचं. काम एवढंच. पण मध्येच डोळा लागला तर एकच सरी भरून वाहते, बाकीचा ऊस कोरडा राहतो आणि उजाडेपर्यंत आपली पाळी संपलेली असते.

आज मी पुण्यात रात्रपाळी करतो. एका मोठ्या ग्राहकाच्या मेनफ्रेमवर लिनक्स चालतं. त्या लिनक्सला नेटवर्क जोडून देणं हा माझ्या कामाचा एक भाग. घरी कुणी विचारलं की नक्की काय करतोस, तर मी सांगतो, "दारं धरतो." वडील हसतात. पण यात माझी काही कल्पकता नाही. मेनफ्रेममध्ये माहिती ज्या वाटेनं आतबाहेर करते तिला इंजिनिअरांनी साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच 'चॅनेल' म्हटलं होतं. चॅनेल म्हणजे पाट, कालवा. त्याच्या फाट्यांना सबचॅनेल म्हणतात. त्या कालव्याची दारं कुणाच्या हातात होती आणि ती बाकीच्यांच्या हातात कशी आली, त्याची ही गोष्ट.

आधी आमचा कालवा

भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण आहे. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारनं दख्खनमध्ये पाटबंधाऱ्यांची जी कामं काढली त्यांतलं हे एक. १८८० च्या दशकात डावा कालवा सुरू झाला. धरणाचं पाणी नीरा नदीत सोडायचं, वीरजवळ ते अडवून कालव्यात घ्यायचं आणि पुरंदर, बारामती, इंदापूर असं पूर्वेकडे न्यायचं. कालव्याची लांबी दीडशे किलोमीटरच्या आसपास. पुढे १९२० च्या दशकात जुन्या धरणाच्या जागी नवं, जास्त उंचीचं लॉइड धरण आलं. त्याच्या जलाशयाला आज येसाजी कंकांचं नाव आहे.

कालवा खणणं हा सोपा भाग होता असं जुनी माणसं म्हणतात. अवघड भाग म्हणजे पाणी वाटणं. कालव्यातून फाटे निघतात, फाट्यांतून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतचाऱ्या. फाटे आमच्याकडे अजूनही नंबरानं ओळखले जातात. माणूस आपला पत्ता सांगतानाही फाट्याचा नंबर सांगतो. प्रत्येक ठिकाणी दार आहे आणि प्रत्येक दाराला कुणीतरी मालक आहे. पाटकरी दार उघडतो, वहीत नोंद करतो. पाळीनं पाणी द्यायच्या पद्धतीला शेजपाळी म्हणतात. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी याच नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. जमिनीचे ब्लॉक पाडायचे आणि पाणीखाऊ पीक ब्लॉकच्या ठराविक भागातच घ्यायचं, म्हणजे थोड्यांच्या उसात सगळं पाणी मुरणार नाही.

कागदावर ही व्यवस्था उत्तम होती. पण टेलच्या माणसाला तिच्यातलं काहीच दिसत नसे. दार वर कुठेतरी उघडलंय की बंद आहे, पाळी पुढे ढकलली की मध्येच कुणी पाणी वळवलं, हे आम्हाला चारी कोरडी दिसली की कळायचं. पाणी कमी येण्याचं दुःख होतंच. ते का आलं नाही हे न कळण्याचं त्याहून मोठं.

एका रविवारची रात्र

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक चूक केली. ती सांगितल्याशिवाय पुढचा इतिहास समजणार नाही.

तुमच्या फोनमध्ये वायफायची चिप आहे. फोन चालू झाला की ती चिप सापडते, ओळखीचं नेटवर्क दिसलं की जोडलीही जाते. मेनफ्रेमवर तसं गृहीत धरता येत नाही. तिथं शेकडो, कधी हजारो उपकरणं एकाच यंत्राला लावलेली असतात आणि एकाच यंत्रावर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम एकमेकींना न दिसता चालतात. सापडेल ते उपकरण उचललं तर शेजाऱ्याची डिस्क उचलली जाईल. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी लिनक्सला सुरू होतानाच सांगितलेलं असतं की सगळ्या उपकरणांकडे दुर्लक्ष कर. मी ज्याचा नंबर सांगेन तेवढंच बघ.

नेटवर्क कार्डाचं नाव ओसा. लिनक्सला हे कार्ड एक वस्तू म्हणून दिसत नाही, तीन नंबर म्हणून दिसतं. समजा ०.०.०६००, ०.०.०६०१ आणि ०.०.०६०२. पहिलं दार वाचायचं, दुसरं लिहायचं, तिसरं डेटाचं. पहिल्या दोन दारांतून लिनक्स आणि कार्ड यांचं आपापसातलं बोलणं चालतं, प्रत्यक्ष माल तिसऱ्यातून जातो. वाचायच्या दाराचा नंबर सम लागतो आणि लिहायचं दार त्याच्या लगेच पुढचं. हे तीन नंबर स्वल्पविरामानं जोडून 'ग्रुप' नावाच्या फाईलीत लिहायचे, म्हणजे तिन्हींचं एक उपकरण बनतं. मग त्या उपकरणाच्या 'ऑनलाइन' नावाच्या फाईलीत १ हा आकडा लिहायचा. तेव्हा कुठे नेटवर्क इंटरफेस जन्माला येतो. आयपी पत्ता द्यायचं काम त्याच्यानंतर.

त्या आठवड्यात ग्राहकानं कार्ड बदललं होतं. ०६०० ची तीन दारं जाऊन ०७०० ची आली होती. मी नवे तीन नंबर ग्रुपमध्ये लिहिले, ऑनलाइन १ केलं, पत्ता दिला, पिंग गेलं. मी खूश होऊन घरी गेलो. रविवारी रात्री ठरल्याप्रमाणे यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली आणि ते लिनक्स गायब झालं. चालू होतं, पण नेटवर्कवर नव्हतं. मी जे केलं होतं ते फक्त चालू क्षणापुरतं होतं, कायमची नोंद केलीच नव्हती. दार उघडलं होतं, वहीत लिहिलं नव्हतं.

आता दुरुस्तीसाठी आत शिरायचं तर नेटवर्कवरून शिरता येईना, कारण नेटवर्कच नव्हतं. उरला फक्त कन्सोल. हा कन्सोल जुन्या टाइपरायटरच्या वळणाचा आहे, एका वेळी एक ओळ. तिथं व्हीआयसारखा पडदाभर चालणारा एडिटर उघडत नाही. मी आमच्या सीनिअरना फोन लावला. बारामतीचेच आहेत. झोपेतून उठून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अरे, व्हीआयचा नाद सोड," ते म्हणाले. "आधी सीएचझेडडेव्हनं ०७०० चालू कर. तो आत्तापुरतं पण करतो आणि कायमचं पण लिहून ठेवतो. आणि इंटरफेसचं नाव बघ."

नाव बघितलं. उपकरणाच्या नंबरावरून इंटरफेसचं नाव ठरतं, त्यामुळे जुनं नाव ईएनसी६०० होतं आणि नवं ईएनसी७००. आयपी पत्त्याची फाईल अजून जुन्याच नावाची वाट बघत बसली होती. सेड कमांडची एक ओळ लिहून नाव बदललं. पहाटे साडेचारला पिंग परत आलं.

"सर, हे इतकं का किचकट ठेवलंय?" मी चिडून विचारलं.

"किचकट नाही रे, जुनं आहे," ते म्हणाले. "चौसष्ट सालापासून बघ, म्हणजे कळेल."

चौसष्ट साल

आयबीएमनं ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० हे संगणक-कुटुंब जाहीर केलं. चॅनेलची कल्पना त्याच्याही आधीची, १९५० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या ७०९ या यंत्रातली. तेव्हाचा प्रश्न साधा होता. मधला प्रोसेसर प्रचंड महाग आणि वेगवान, तर कार्ड वाचणारं यंत्र, प्रिंटर, टेप हे सगळे त्याच्या मानानं अतिशय संथ. प्रिंटरची एक ओळ छापून होईपर्यंत प्रोसेसरनं ताटकळत उभं राहायचं, तर पैसे पाण्यात.

म्हणून मधे पाटकरी नेमला. चॅनेल हा स्वतःच एक छोटा प्रोसेसर होता. मुख्य प्रोसेसर त्याला कामाची यादी द्यायचा: या उपकरणातून एवढं वाच, तिथं ठेव, झालं की सांग. त्या यादीतल्या एकेका सूचनेला चॅनेल कमांड वर्ड म्हणतात. मग मुख्य प्रोसेसर आपल्या कामाला मोकळा. प्रत्येक उपकरणाला नंबर होता आणि त्या नंबरातच ते कोणत्या चॅनेलवर आहे हे लिहिलेलं असे, जसं फाट्याच्या नंबरावरून शेत कळतं. १९८० च्या दशकात आलेल्या ३७०-एक्सए रचनेत हे आणखी पुढे गेलं. कोणत्या वाटेनं जायचं हे ऑपरेटिंग सिस्टिमनं ठरवायची गरज उरली नाही. ते काम चॅनेल सबसिस्टिमकडे गेलं आणि प्रत्येक उपकरणाला एक सबचॅनेल मिळालं. १९९० मध्ये जाड तांब्याच्या केबलींच्या जागी काचतंतू आले. नंबर मात्र टिकले.

किती टिकले याचं एक उदाहरण देतो. एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं चालवण्याची व्हीएम ही व्यवस्था १९६० च्या दशकातल्या प्रयोगांतून निघाली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावानं जाहीर झाली. तिच्यात कन्सोलचा रूढ नंबर ००९. त्या रविवारी रात्री मी ज्या कन्सोलवर झगडत होतो त्याचा लिनक्समधला नंबर ०.०.०००९ होता. माझ्या वडिलांच्या जन्माआधीचा नंबर.

थंड खोलीतलं यंत्र

आपल्याकडे ही यंत्रं आली ती मुंबईत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक भारतीय शास्त्रज्ञांनी स्वतः बांधला, १९६० मध्ये तो पूर्ण चालू झाला. तिथंच १९६४ मध्ये अमेरिकेतून सीडीसी ३६०० आला. याच दशकात तेल कंपन्या, आयुर्विमा महामंडळ, मोठे कारखाने यांच्याकडे आयबीएमचे १४०१ येऊ लागले. नोकऱ्या जातील म्हणून कर्मचारी संघटनांनी विरोधही केला. कलकत्त्यात आयुर्विम्याच्या कचेरीत संगणक बसवण्यावरून मोठा लढा झाला.

यंत्र बहुतेकदा विकत मिळत नसे, भाड्यानं मिळे. दुरुस्ती कंपनीचा माणूस करणार, आत काय आहे ते कंपनीलाच माहीत. मग १९७३ चा परकीय चलन कायदा आला. भारतातल्या कंपनीतला परदेशी हिस्सा चाळीस टक्क्यांपर्यंत खाली आणायचा, अशी अट आयबीएमपुढे आली. तिनं ती मान्य केली नाही आणि १९७८ मध्ये भारतातला कारभार गुंडाळला. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. ज्या यंत्राची निर्माती कंपनीच देश सोडून गेली ते सुटे भाग जमवून चालू ठेवायचं काम आपल्या इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं केलं. १९९२ मध्ये आयबीएम टाटांच्या भागीदारीत परत आली.

या सगळ्यात बारामती-इंदापूर कुठे होतं? टेलला. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे, विद्या प्रतिष्ठान १९७२ पासून. म्हणजे शिकणारी मुलं होती. पण मेनफ्रेम आमच्यापर्यंत पोचायचा तो छापील कागद बनून. आजोबांच्या ट्रंकेत आयुर्विम्याच्या हप्त्याच्या जुन्या नोटिसा आहेत, ठिपक्यांच्या अक्षरांत छापलेल्या. आजोबा त्या जपून ठेवायचे कारण त्यावर आपलं नाव 'मशिननं' लिहिलंय. मशीन कुठे आहे, कसं आहे, ते विचारायची सोय नव्हती.

१९९० च्या दशकाच्या शेवटी वाय-टू-केची कामं निघाली आणि पुण्या-मुंबईत कोबोल शिकवणारे क्लास उगवले. आमचे सीनिअर त्याच लाटेत पुण्यात आले. त्यांनी मेनफ्रेमवर कोबोल लिहिलं, पण तो मेनफ्रेम अमेरिकेत होता. ते त्याच्या पडद्यापर्यंत पोचले होते, दारापर्यंत नव्हे.

१८ डिसेंबर १९९९

लिनक्स १९९१ पासून होतं, पण पीसीवर. १९९८-९९ च्या सुमारास अमेरिकेत लिनास वेपस्टास यांनी 'बिगफूट' नावानं लिनक्सला मेनफ्रेमवर नेण्याचा स्वतंत्र खटाटोप सुरू केला. त्याच काळात जर्मनीतल्या बोब्लिंगेन इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत काही इंजिनिअर गाजावाजा न करता तेच करत होते. १८ डिसेंबर १९९९ रोजी आयबीएमनं आपलं काम, लिनक्स कर्नल २.२.१३ वरचे बदल, खुलं करून टाकलं. न्यूयॉर्क राज्यातल्या मॅरिस्ट कॉलेजनं ते लोकांना उतरवून घेण्यासाठी उपलब्ध केलं. पुढच्याच वर्षी सुझेनं मेनफ्रेमसाठी लिनक्स विकायला काढलं.

त्याच काळात डेव्हिड बॉइस यांनी एक प्रयोग केला. व्हीएमखाली लिनक्सच्या प्रती वाढवत न्यायच्या आणि यंत्र कधी दमतं ते बघायचं. आकडा ४१,४०० पर्यंत गेला. तळघरात शेकडो सर्व्हर रचून बसलेल्या कंपन्यांच्या भुवया उंचावल्या. डिसेंबर २००० मध्ये आयबीएमनं पुढच्या वर्षी लिनक्सवर एक अब्ज डॉलर खर्च करणार असं जाहीर केलं.

पण लिनक्स सुरू करणं आणि ते बाहेरच्या जगाशी जोडणं यांत अंतर होतं. सुरुवातीला व्हीएममधल्या लिनक्सला जोडायची एक नेहमीची रीत म्हणजे चॅनेल-टू-चॅनेल, दोन टोकांमध्ये थेट पाट. प्रत्येक लिनक्ससाठी वेगळी जोडी आखायची. एकाचं वाचायचं दार दुसऱ्याच्या लिहायच्या दाराला जोडायचं. चुकून वाचायचं वाचायला जोडलं तर दोघंही ऐकत बसणार, बोलणार कुणीच नाही. दहा लिनक्स असतील तर दहा जोड्या आणि प्रत्येकीची नोंद दोन्ही टोकांना. हे म्हणजे धरणापासून प्रत्येक शेताला स्वतंत्र पाट खणण्यासारखं. २००१ मध्ये एकाच यंत्रातल्या लिनक्सना आपापसात बोलण्यासाठी हायपरसॉकेट्स आणि व्हीएममधलं गेस्ट लॅन आलं. २००३ मध्ये आभासी स्विच आला आणि तेव्हा कुठे सामाईक चारी तयार झाली.

उघड्या घराचं बंद दार

आता मुख्य गोष्ट. लिनक्स खुलं होतं, कुणीही वाचावं, बदलावं. पण मेनफ्रेमवर ओसा कार्डाशी बोलणारा जो भाग होता, क्यूएथ नावाचा ड्रायव्हर आणि त्याच्या हाताखालचा क्यूडीआयओ, तो सुरुवातीची काही वर्षं खुला नव्हता. आयबीएम त्याचा फक्त तयार झालेला ऑब्जेक्ट कोड देत असे. यंत्राला कळेल, माणसाला वाचता येणार नाही असा. कार्डाशी बोलायची भाषा कंपनीला उघड करायची नव्हती.

याचा परिणाम काय व्हायचा? ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी बनवलाय त्याच कर्नलवर चालणार. तुम्ही कर्नलमध्ये एक दुरुस्ती करून तो पुन्हा बांधलात की नेटवर्क गेलं. नवा ड्रायव्हर येईपर्यंत थांबा. म्हणजे घर तुमचं, अंगण तुमचं, पण वेशीचं दार दुसऱ्याच्या कुलपात. त्या काळी दारांचे नंबर 'चॅनडेव्ह' नावाच्या फाईलीत लिहावे लागत. शिवाय कार्डाला एक 'पोर्टनेम' द्यावं लागे, जास्तीत जास्त आठ अक्षरांचं. एकच कार्ड वापरणाऱ्या सगळ्या सिस्टिमनी तेच नाव द्यायचं. एकानं वेगळं नाव दिलं, अगदी मोठ्या अक्षराऐवजी छोटं अक्षर लिहिलं, तरी इंटरफेस उठायचा नाही. कारण शोधायचं तर आत बघता येत नव्हतं. आमचे सीनिअर सांगतात, "पोर्टनेमपायी लोकांनी रात्री काढल्यात. आणि शेवटी सापडायचं काय, तर एक अक्षर."

टेलच्या शेतकऱ्याचं आणि या माणसांचं दुखणं एकच होतं. चारी कोरडी आहे, वर काय झालंय ते दिसत नाही.

लोकांनी तक्रारी केल्या, लिनक्सची वितरणं बनवणाऱ्यांनाही ते परवडणारं नव्हतं. हळूहळू हे दार उघडलं. कर्नलच्या २.६ मालिकेत क्यूएथचा सोर्स इतर ड्रायव्हरांसारखाच उघड्यावर होता. चॅनडेव्हची फाईल गेली, तिच्या जागी ग्रुप आणि ऑनलाइन या फाईली आल्या. पुढे कार्डाच्या आतली व्यवस्था सुधारली आणि पोर्टनेमची सक्तीही संपली. आज सीएचझेडडेव्हसारखी अवजारं ज्या एस३९०-टूल्समध्ये येतात तीही खुली आहेत.

खुलं झाल्यावर वाचणाऱ्यांना जे दिसलं ते आमच्या पाटकऱ्याच्या वहीपेक्षा वेगळं नव्हतं. उदाहरणार्थ, लेयर तीन या पद्धतीत लिनक्स आपला आयपी पत्ता कार्डाकडे नोंदवतं. हा पत्ता आला की पाकीट माझ्याकडे टाक. त्याच कार्डावरच्या दुसऱ्या लिनक्सनं तोच पत्ता मागितला तर कार्ड नकार देतं, कारण वहीत आधीच नाव आहे. हे माहीत असेल तर नेटवर्क का उठेना याचं उत्तर पाच मिनिटांत मिळतं. माहीत नसेल तर रात्र जाते.

बारामतीत एक लॅपटॉप

यंत्रच समोर नसेल तर ड्रायव्हर खुला असून काय उपयोग, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तरही त्याच १९९९ सालात आहे. रॉजर बॉलर यांनी 'हर्क्युलिस' नावाचा प्रोग्राम लिहिला. साध्या पीसीवर तो मेनफ्रेमचं सोंग घेतो, प्रोसेसर, डिस्क, कन्सोल, चॅनेल सगळ्यांसकट. जुलै २००२ मध्ये आलेल्या डेबियन ३.० मध्ये मेनफ्रेमचीही आवृत्ती होती. म्हणजे कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या पीसीवर हर्क्युलिस, त्यावर डेबियन आणि दोघांच्या मधे चॅनेल-टू-चॅनेलचा पाट. वेग बैलगाडीचा, पण दारं खरी. पुढे लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली २०१५ मध्ये ओपन मेनफ्रेम प्रोजेक्ट सुरू झाला. आता तर खऱ्या मेनफ्रेमवर काही दिवसांसाठी फुकट लिनक्स वापरायला देणाऱ्या सेवाही आहेत.

गेल्या वर्षी आमच्या टीममध्ये बारामतीची एक मुलगी आली. वडील साखर कारखान्यात. पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, "दादा, एका कार्डाला तीन नंबर कशाला? पीसीत तर एकच असतं." मी सुरुवात केली ती चौसष्ट सालापासून. ती थांबवून म्हणाली, "म्हणजे चारी, दार आणि पाटकरी." मला फार काही समजवावं लागलं नाही.

मग तिनं घरच्या लॅपटॉपवर हर्क्युलिस टाकलं, जुनं डेबियन चढवलं आणि तीन दिवस अडकून बसली. पाट जोडलाय, दोन्ही बाजू चालू आहेत, पण पिंग जात नाही. चौथ्या दिवशी तिनं स्वतःच शोधलं. दोन टोकांचे पत्ते तिनं उलटे दिले होते. तिनं ते कुणाला विचारून शोधलं नाही. दोन्ही बाजूंचा कोड तिच्यासमोर उघडा होता, तो वाचत गेली आणि कुठल्या दाराशी पाकीट अडतंय ते बघत गेली.

आमच्या टीमची एक वही आहे, खरी कागदाची. नवीन कार्ड जोडलं की नंबर लिहायचे, आत्तापुरतं की कायमचं ते लिहायचं, इंटरफेसचं नाव लिहायचं, आणि खाली सही. ही वही त्या रविवारनंतर मी सुरू केली. पहिल्या पानावर माझी चूक तारखेसकट लिहून ठेवली आहे. तिनं परवा शेवटच्या पानावर आपल्या लॅपटॉपवरच्या खोट्या मेनफ्रेमचे नंबरही लिहून ठेवले. सीनिअर म्हणाले, "हे कशाला गं इथं?" ती म्हणाली, "असू दे सर. पुढच्याला दिसेल."

कालच वडिलांचा फोन आला होता. आवर्तन सुटलंय, पण वरच्या फाट्यावर अडलंय म्हणतात. नक्की कुठे, ते कुणालाच माहीत नाही. वडील खोरं घेऊन बांधावर बसले होते. मी इकडे ०७०० ऑनलाइन आहे ना, ते पुन्हा एकदा तपासलं आणि रात्रपाळीला बसलो.